वैयक्तिक संकटातून गेलेला माणूस चांगला नेता होतो का?

नुसत्या संकटाने कोणी नेता होत नाही, उलट बरेच जण कडवट होतात. त्या काळात माणूस कोणामध्ये जाऊन बसतो यावर खूप काही ठरतं असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट बघा ना, गडगंज घराण्यातले, १९२१ मध्ये ३९व्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय लुळे पडले ते कायमचेच. मग १९२४ पासून ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या छोट्या गावात गरम पाण्याच्या झऱ्यावर उपचारासाठी जायला लागले, तिथे बाकीच्या पेशंटसोबत पाण्यात व्यायाम करायचे, फक्त हातांनी चालवता येईल अशी गाडी करून घेतली आणि ती काढून आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी पीकपाण्याच्या गप्पा मारत फिरायचे, म्हणजे जे लोक त्यांना एरवी कधी भेटलेच नसते ते. तिथलं लाइट बिल आलं तर दर न्यूयॉर्ककडच्या घराच्या चौपट! गरीब शेतकऱ्याला हे कसं परवडणार हे त्यांना तिथेच कळलं, आणि प्रेसिडेंट झाल्यावर १९३५ मध्ये त्यांनी खेड्यापाड्यात वीज न्यायला वेगळं सरकारी खातंच काढलं. तेव्हा तिकडे दहातल्या नऊ शेतकऱ्यांच्या घरी वीज नव्हती.