वाद्य बांधायचं आणि त्यावर बसून वृंदही चालवायचा, तर

प्रिय मित्रा,

हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं पट्ट्यांचं, पण तारा छेडून वाजणारं वाद्य) स्वतः बांधायचा आणि त्यावरूनच बरोक वृंद, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत वाजवणारा वृंद, चालवायचा, हा तुझा बेत आम्हाला मनापासून आवडला. आर्नल्ड डोलमेच यांनी हेच केलं: इंग्लंडमधल्या हॅझलमिअरला वाद्यं बांधली आणि १९२५ मध्ये तिथेच जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला.

पण सुरुवात लाकूडकामापासून करू नकोस. आधी जॅक, म्हणजे प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर उभ्या असणाऱ्या चपट्या काड्या, हाताखालून जाऊ देत. पाच सप्तकांच्या, तीन तारसंचांच्या वाद्यात ते १८३ असतात. पट्टी दाबली की जॅक वर उठतो आणि त्याच्या जिभेतलं (वरच्या हलत्या तुकड्यातलं) प्लेक्ट्रम, म्हणजे छोटी नखी, तार छेडतं. पूर्वी ते पिसाच्या देठाचं असे, आज बहुधा डेल्रिन या प्लास्टिकचं. त्याचं टोक तारेच्या पलीकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर जावं. जास्त गेलं तर पट्टी जड लागते आणि आवाज ठोकल्यासारखा येतो. पातळ करायचं ते नेहमी खालच्या बाजूने, नव्या ब्लेडने, एका वेळी केसभरच. वरची बाजू छेडते, तिला हात लावायचा नाही. दर कापानंतर जॅक परत घालून शेजारच्या दोन सुरांबरोबर ऐक. एकटा सूर छान वाटतो आणि ओळीत मात्र खटकतो.

सूर एकदा वाजून पुन्हा वाजेना, तर प्लेक्ट्रम तारेवरच अडकलंय. लगेच कापायला घेऊ नकोस. जीभ बोटाने मागे ढकलून सोड. आळसाने परतली तर स्प्रिंग ढिली आहे. ती ठीक असेल तर टोकाची खालची कड तिरकी कापलेली आहे का बघ. जॅकच खाचेत घट्ट बसत असेल तर दमट हवेने लाकूड फुगलंय; तिथे लगेच कानस चालवलीस तर कोरड्या दिवसांत जॅक खडखडेल.

‘ए’ सूर ४१५ हर्ट्झला (आजच्या बरोक वृंदांचा नेहमीचा सूर) धरून बांधलेलं वाद्य आधुनिक ४४० ला ओढू नकोस. वरच्या लोखंडी तारा मुळात तुटण्याच्या सीमेजवळच ताणलेल्या असतात. आधुनिक वाद्यांत म्हणूनच अख्खा कीबोर्ड एका तारेइतका, म्हणजे अर्ध्या सुराने, बाजूला सरकवण्याची सोय करतात.

ट्यूनिंगला व्हॅलोटी या जुन्या स्वरजुळणीपासून सुरुवात कर. एफ-सी-जी-डी-ए-ई-बी या साखळीतले सहा पंचम प्रत्येकी सुमारे ४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) लहान, उरलेले सहा शुद्ध. तंबोरा मिळवून कान तयार असेल तर शुद्ध पंचम झटकन सापडेल; ठरवून तेवढाच उतरवणं मात्र जड जातं. त्यासाठी दोन सूर नेमके जुळले नाहीत की आवाजात येणाऱ्या हेलकाव्यांचा वेग ऐकायला शीक.

वृंद चालवताना दोन्ही हात पट्ट्यांवर असतात, त्यामुळे इशारा श्वासाने आणि मानेने द्यायचा. तोही ठोक्याच्या आधी, पुढच्याच लयीत. पट्टी जोरात दाबून आवाज फारसा वाढत नाही. म्हणून बासखालचे आकडे (खालच्या सुरावर कोणते सूर घ्यायचे ते सांगणारे) वाचताना किती सूर घ्यायचे हे तू ठरवायचं: कोरसला भरगच्च स्वरसंघ (एकत्र वाजणारे सूर, कॉर्ड), एकट्या गायकामागे दोन सूरही पुरतात. रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे बोलल्यासारख्या गायनात, स्वरसंघ सावकाश उलगडलास तर गायकाला जागा मिळते. झटक्यात वाजवलास तर तो पुढे निघतो. हे मात्र गायकासोबत बसूनच जमतं, एकट्याच्या रियाजात नाही.

कार्यक्रमाला सुटी प्लेक्ट्रमं, ब्लेड आणि प्रत्येक जाडीची तार जवळ ठेव. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. मध्यंतरात पुन्हा मिळवायला वीस मिनिटं आणि शांत सभागृह लागेल, हे आयोजकांशी आधीच बोलून ठेव.