सुरुवात बर्नबुर्गपासून नको

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. केटे लाइख्टर या ऑस्ट्रियातल्या समाजवादी अर्थतज्ज्ञ बाईवरचा तुझा खर्डा मिळाला. दिवाळी अंकाने ३००० शब्द मागितलेत आणि त्यातले पहिले ७०० तू बर्नबुर्गच्या वायुकक्षावर, म्हणजे नाझींनी तिला जिथे मारलं त्या जागेवर, खर्च केलेस. गाडं तिथेच अडलंय. मरणापासून सुरुवात केली की पुढची प्रत्येक ओळ मरणाकडे घरंगळते. मग १९२५ ते १९३४ ही नऊ वर्षं, ज्यांच्यासाठी ही बाई मुळात वाचायची, ती वाटेतलं एखादं स्टेशन होऊन बसतात. नाझींनी मारलेल्या लाखोंपैकी एक, एवढीच तिची ओळख उरते. हिशोब मांडणारी बाई हरवते.

माझ्या मते वाटणी अशी कर: घर आणि शिक्षण ४००, कामगार चेंबरमधली वर्षं १३००, भूमिगत काळ ६००, अटक ते शेवट ५००, नंतरचं २००. बर्नबुर्गला चार वाक्यं पुष्कळ झाली.

आधी नावाचं बघ. तुझ्या खर्ड्यात काथे, कॅथी, लिचर, लाइश्टर अशी चार रूपं आहेत. बर्टोल्ट ब्रेख्त आपल्या रंगभूमीवर ‘ख्त’ने रुळला, तोच न्याय हिला लाव: केटे लाइख्टर. जन्मनाव मारियाने काटारिना पिक, जन्म २० ऑगस्ट १८९५, व्हिएन्ना. ओटो लाइख्टरशी लग्न झालं १९२१मध्ये, म्हणजे १९१८ची डॉक्टरेट ‘पिक’ नावावर आहे. ‘१९१८मध्ये लाइख्टरबाईंनी प्रबंध दिला’ हे तुझं वाक्य जाणकार वाचकाला खटकेल.

शिक्षणाच्या भागात तू ‘अनेक अडचणींवर मात करून’ असं लिहून मोकळी झालीस. अडचणी नेमक्या आहेत, त्या लिही. १९१४पासून ती व्हिएन्ना विद्यापीठात राज्यशास्त्र-अर्थशास्त्राचे वर्ग करत होती, पण त्या विद्याशाखेची पदवी बायकांना मिळतच नव्हती; तो दरवाजा उघडला १९१९मध्ये. म्हणून ती जर्मनीत हायडेलबर्गला गेली. तिथे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या वर्तुळात शिकली आणि युद्धविरोधी हालचालींमुळे १९१७च्या अखेरीस जर्मनीतून हद्दपार झाली. जुलै १९१८मध्ये खास परवानगी काढून परत गेली ती फक्त परीक्षेला, आणि विशेष प्राविण्यासह डॉक्टर झाली. एका परिच्छेदात दोन देश, एक युद्ध आणि एक बंद दरवाजा येतो. विशेषणं लागतच नाहीत.

आता मुख्य भाग. ‘आर्बायटरकामर’ला तू एके ठिकाणी ‘कामगार संघटना’ म्हटलंस आणि एके ठिकाणी ‘कामगार कल्याण मंडळ’. दोन्ही चूक. संघटनेत माणूस मर्जीने जातो. इथे १९२०च्या कायद्याने नोकरदार आपोआप सभासद होत आणि वर्गणी पगारातून कापली जाई. व्यापाऱ्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सला समोरासमोर उभी केलेली ही कामगारांची संस्था. कायद्यांच्या मसुद्यांवर मत देणं आणि आकडेवारी गोळा करणं हे तिचं अधिकृत काम. ‘कामगार चेंबर’ म्हण आणि पहिल्यांदा येईल तिथे हे दोन ओळींत सांग. हे नीट सांगितलं नाही तर १९२५मध्ये केटेकडे आलेल्या महिला विभागाचं वजन कळत नाही. तिच्या हातात मोर्चा नव्हता; कायदा करणाऱ्यांच्या टेबलावर जाणारा तक्ता होता.

त्या विभागातून निघालेले मोठे अभ्यास क्रमाने लाव: १९२६ व्हिएन्नातल्या घरकामगार, १९२८ घरी माल आणून नगावर काम करणारे १००० कामगार, १९३० स्त्रियांच्या कामाची ऑस्ट्रियाभरची मोठी माहितीपुस्तिका, १९३२ कारखान्यातल्या १३२० बायका. सगळ्यांना सारखी जागा देऊ नकोस. १९२६च्या बाबतीत एकच मुद्दा ठळक कर, तो शब्दाचा. १९२०च्या कायद्याने ‘नोकर’ या अर्थाचा जुना जर्मन शब्द बाजूला सारून ‘घरातली मदतनीस’ या अर्थाचा शब्द आणला. मराठीत ‘मोलकरीण’पासून ‘घरेलू कामगार’पर्यंतचा प्रवास आपण पाहिलाय, २००८च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातही तो आहे. म्हणून केटेच्या संदर्भात ‘मोलकरीण’ लिहू नकोस. तो शब्द १९२०च्या आधीच्या काळासाठी ठेव.

१९२८च्या अभ्यासाबद्दल तू ‘मजुरी अत्यल्प होती’ एवढंच लिहिलंस. अत्यल्प म्हणजे किती, हे नगावरच्या मजुरीत पटकन दिसत नाही. खरी अडचण तीच आहे आणि तीच वाचकाला समजावून दे. डझनाला ठरलेल्या दरातून दोरा, सुया, दिव्याचा आणि मशीनच्या हप्त्याचा खर्च वजा करायचा. मध्यस्थाकडे माल आणायला-द्यायला जाण्याचं ट्रामभाडं वजा करायचं. मग उरलेल्या रकमेला तासांनी भागायचं, आणि त्या तासांत दारात ताटकळण्याचे तास धरायचे, बटणं लावणाऱ्या पोरांचेही. हे न करता दरांची तुलना केली की घरी काम करणारी बाई कागदावर सुखी दिसते.

लेखाचं काळीज १९३२. पुस्तकाचं नाव ‘सो लेबेन विअर’, म्हणजे ‘आम्ही अशा जगतो’, आणि उपशीर्षकातच १३२० औद्योगिक कामगार बायका आपल्या जगण्याबद्दल सांगताहेत. त्या प्रश्नावलीत कारखाना आहेच, पण घर, मुलं, स्वयंपाक, मोकळा वेळही आहे. चेंबरच्या कागदावर चुलीचा हिशोब आला, यात तिचं अर्थशास्त्र आहे. गिरणीच्या भोंग्यावर दिवस संपतो असं धरणाऱ्या आकडेवारीत या बाईचा अर्धा दिवस गायब होतो.

इथे एक दिवस जवळून दाखव, पण ‘आना नावाची एक कामगार’ असं काल्पनिक पात्र उभं करू नकोस. वाचक तिला खरी समजेल. त्यापेक्षा जागा दाखव. व्हिएन्नाच्या जुन्या चाळवजा इमारतींत एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी उघडते ती सामाईक मार्गिकेत, त्यामुळे उजेड उसना. नळ घरात नाही. मार्गिकेत सगळ्यांचा मिळून एक, त्याला ‘बासेना’ म्हणत. संडासही तिथेच. मुंबईच्या चाळीत राहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. आता त्यावर कायदा ठेव: १९१९च्या आठ तासांच्या कायद्याने कारखान्यातल्या बायकांना आठवड्याला ४४ तासांची मर्यादा दिली आणि शनिवारी दुपारपासून सुट्टी. ती दुपार कशात जायची? बासेनावरून पाणी वाहून आणण्यात, कपडे उकळण्यात, घासण्यात. कायद्याने दिलेले तास धुण्याने परत घेतले. हे एवढं दाखवलंस तर ‘दुहेरी ओझं’ हा गुळगुळीत शब्दप्रयोग लिहावा लागणार नाही.

याच ठिकाणी तू ‘लाल व्हिएन्ना’चं, म्हणजे समाजवादी नगरपालिकेच्या काळातल्या शहराचं, चित्र जरा जास्तच रंगवलंस. कार्ल-मार्क्स-होफ ही नगरपालिकेची वसाहत, १३८२ घरं, १९३०चं उद्घाटन, सामाईक धुलाईघरं, सगळं खरं. नगरपालिकेने १९३४पर्यंत सुमारे ६० हजार घरं बांधली, हेही खरं. पण शहर अठरा लाखांहून मोठं होतं. बहुतेकांच्या वाट्याला जुनी खोलीच होती. फोटो सुंदर आहे म्हणून सगळ्यांना त्या इमारतीत राहायला पाठवू नकोस.

टक्केवारीचे दोन नियम पाळ. पहिला: प्रत्येक आकड्यापुढे ‘उत्तर दिलेल्यांपैकी’ असं लिही. प्रश्नावली कामगार संघटनांच्या ओळखीतून फिरली, म्हणजे उत्तरं देणाऱ्या बायका नोकरीत असलेल्या आणि संघटनेच्या जवळच्या. बेकार बाई त्यात जवळपास नाही, आणि १९३२ तर मंदीचं वर्ष. ‘व्हिएन्नातल्या बायका’ असं सरसकट म्हणालीस की अभ्यास तुझ्याच हाताने पातळ होतो. दुसरा: मूळ तक्ता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टक्केवारी छापायची नाही. जालावरच्या टिपणांत एकच आकडा तीन ठिकाणी तीन प्रकारे फिरतो.

आणि तो अडचणीचा निष्कर्ष. नवऱ्याची कमाई पुरली तर कारखाना सोडून घरी राहू, असं बहुसंख्य बायकांनी सांगितलं. तू तो गाळलास. का गाळलास ते समजतं, स्त्रीच्या कामाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या लेखिकेच्या पुस्तकात तो बोचतो. पण केटेने तो स्वतः छापला. तो वाचताना प्रश्न असा विचार: या बायकांना चूल प्रिय होती, की एका दिवसात दोन दिवसांचं काम करून त्या थकल्या होत्या? १९३३च्या डिसेंबरात चान्सेलर डोल्फुसच्या सरकारने ‘दुहेरी कमाई’च्या नावाखाली सरकारी नोकरीतल्या विवाहित बायकांना काढायला सुरुवात केली. ‘बायकांनाच घरी राहायचंय’ हे वाक्य विरोधकांच्या किती सोयीचं होतं ते यावरून बघ. तरी तिने तक्ता बदलला नाही. तुझ्या लेखाचा कणा इथे आहे.

फेब्रुवारी १९३४चा भाग झपाट्याने सांग: सरकार आणि समाजवादी यांच्यातलं चार दिवसांचं यादवी युद्ध, कामगारांच्या इमारतींवर तोफा, समाजवादी पक्षावर बंदी, केटेची नोकरी गेली. नवराबायको काही महिने झ्युरिकला होते, मग परत येऊन भूमिगत ‘क्रांतिकारी समाजवादी’ गटात काम. टोपणनावांनी लेखन, त्यातलं एक आना गेर्टनर.

अटकेनंतरच्या भागात तुझ्या खर्ड्याची सगळ्यात मोठी चूक आहे. ‘ज्यू असल्यामुळे तिला अटक झाली’ असं तू लिहितेस. कागदावर दोन रकाने आख, एक राजकीय, दुसरा ज्यू, आणि प्रत्येक तारीख योग्य रकान्यात टाक. नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावरची ३० मे १९३८ची अटक पहिल्या रकान्यात: विश्वासातला हान्स पाव गेस्टापोचा खबऱ्या निघाला. खटलाही बेकायदा समाजवादी कामाचा, आणि १९३९मध्ये सुनावलेली शिक्षा तुरुंगातल्या दिवसांत फिटलेली. कायद्याने ती मोकळी व्हायला हवी होती. १९४०मध्ये तिला राव्हन्सब्र्युकच्या छळछावणीत धाडलं, तिथून दुसरा रकाना भरू लागतो. १९४२च्या सुरुवातीला ज्यू कैदी स्त्रियांच्या तुकड्या बर्नबुर्गला नेल्या, त्यांत ती होती. घर ज्यू, सुखवस्तू आणि उदारमतवादी होतं, ती स्वतः समाजवादी म्हणूनच जगली. दोन्ही कारणं एकात कालवलीस तर तिचं राजकारणही पुसलं जातं आणि तिच्यासोबत त्या गाड्यांत बसवलेल्या, राजकारणाशी संबंध नसलेल्या बायकाही.

छावणीतल्या दिवसांसाठी दोन गोष्टी पुरेत. सोबतची कैदी हेर्टा ब्रॉयर हिच्याबरोबर तिने ‘शुम शुम’ नावाचं नाटक लिहिलं आणि कैदी बायकांनी ते चोरून केलं. आणि तिची एक कविता सोबतच्या कैद्यांच्या पाठांतरातून बाहेर आली. कागद बाळगणं धोक्याचं होतं. तुरुंगात लिहिलेल्या बालपणीच्या आठवणी मात्र कागदावर टिकल्या; तुझ्या पहिल्या ४०० शब्दांचा आधार तोच. त्या वाचताना लक्षात ठेव की लिहिणारी बाई कोठडीत आहे आणि मुलं दूर आहेत. उजेड थोडा जास्त पडलेला असणार.

‘नंतरचं’ यात नवरा ओटो आणि दोन्ही मुलगे अमेरिकेत पोचले हे एक वाक्य. व्हिएन्नात तिच्या नावाची नगरपालिकेची इमारत आहे, आणि १९९१पासून ऑस्ट्रियात तिच्या नावाचा सरकारी पुरस्कार दिला जातो. यादी नको.

दुसरा खर्डा करताना पहिलं वाक्य बासेनाच्या नळाशी सुरू होतंय का ते बघ. जमलं नाही तर १३२० या आकड्यापासून कर. दोन ओळींत अंतर आणि उजवीकडे मोठा समास सोडून पाठव, या वेळी मला लिहायला जागाच उरली नव्हती.

तुझी,
मावशी