डिझाइनच्या संज्ञा: आधी छपाईच्या शिका

ठाण्यात नव्याने डिझाइनचे काम सुरू करणाऱ्याकडे सुरुवातीला बहुधा नौपाड्यातल्या दुकानांची व्हिजिटिंग कार्डे आणि पत्रकेच येतात, म्हणून छपाईच्या संज्ञा आधी पक्क्या करा. कापणीच्या रेषेबाहेर रंग किंवा चित्र साधारण ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात, त्याला ब्लीड म्हणतात. ते नसेल, तर कटिंगचे पाते केसभर सरकले तरी कार्डाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या रंगपद्धतीत) आणि चित्रे ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असावीत. आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला, झगझगीत हिरवा शाईत तसाच उतरत नाही, हे ग्राहकाला छपाईपूर्वीच सांगितलेले बरे.

एका ओळीच्या आधाररेषेपासून पुढच्या ओळीच्या आधाररेषेपर्यंतचे अंतर म्हणजे लीडिंग. रोमन मजकुराचे माप देवनागरीला जसेच्या तसे लावल्यास वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवले, तर शिरोरेषा तुटते, आणि दुकानांच्या पाट्यांवर तुटलेली शिरोरेषा मला तरी बघवत नाही.

वेबच्या कामात वायरफ्रेम म्हणजे पानाचा रंगाविना आराखडा, तर प्रोटोटाइप म्हणजे बटणे दाबून पाहता येणारा नमुना. तिकिटाच्या अ‍ॅपमधले बटण कसे दिसते, हा यूआयचा (यूजर इंटरफेस, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीचा) प्रश्न. लोकलच्या घाईत एका हाताने तिकीट निघते का, हा यूएक्सचा (यूजर एक्सपिरियन्स, म्हणजे वापरण्याच्या अनुभवाचा). डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या) एए पातळीनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळपणाचे गुणोत्तर) किमान ४.५:१ असावा लागतो; फिकट करडी अक्षरे वापरण्यापूर्वी तेवढे तपासून घ्या.