दूध सोडलं, पण चहातलं?

"दोन वर्षं झाली, दूध-दही सगळं बंद केलंय. पण आता हाडांचं काय?" चाळिशीतल्या त्या बाईंनी बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) रिकाम्या पोटी मोठा पेला दूध प्यायलं की पोट फुगायचं, गुडगुडायचं, कधी जुलाबही व्हायचे. 'लॅक्टोज पचत नसेल' असं कुणीतरी म्हणालं आणि दुधावर फुली बसली. तपासणी मात्र केलीच नव्हती.

मी त्यांना आठवडाभराचं खाणंपिणं लिहून आणायला सांगितलं. वहीत रोज तीन-चार वेळा दूध घातलेला चहा! "अहो, तो चहा आहे, दूध नाही," त्या म्हणाल्या. त्या चहाबद्दल पोटाची एकही तक्रार वहीत नव्हती.

लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर जगातल्या बहुसंख्य माणसांत लहानपणानंतर कमी होत जातं. त्यामुळे तो आजार म्हणवत नाही. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. सगळा प्रश्न मात्रेचा आहे. साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, ही साखर नीट न पचणाऱ्या बहुतेकांनाही एका वेळी झेपतं, जेवणासोबत तर अधिक सहज.

१९९५ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग मी अशा वेळी हमखास सांगते. 'आम्हाला दूध मुळीच चालत नाही' म्हणणारे ३० जण होते. श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी केली (न पचलेलं लॅक्टोज आतड्यात आंबलं की श्वासात हा वायू वाढतो), तर त्यांतल्या ९ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं! उरलेल्यांनाही रोज २४० मिलि दुधाने जाणवण्यासारखा फारसा त्रास झाला नाही. बाई हसल्या. मी नाही हसले. पूर्वी मीही लोकांना सरसकट 'बंद करा' सांगायचे.

आम्ही दोन वेळा अर्धा अर्धा कप दूध जेवणासोबत ठरवलं, शिवाय वाटीभर दही. ताज्या दह्यातले जिवंत जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात. एवढ्यात जवळपास ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. दुधाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ती प्रथिनांची ॲलर्जी. तिथे हा प्रयोग चालत नाही. शौचातून रक्त किंवा अकारण वजन घटत असेल तर आधी डॉक्टर. बाईंना यातलं काही नव्हतं.

सहा आठवड्यांनी त्या आल्या. अर्धा कप बिनतक्रार चालत होता, पूर्ण कपाला पोट अजून कुरकुरत होतं. "मग पूर्ण कप हवाय कशाला?" मी म्हटलं. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "माझ्याबरोबर मी मुलाचंही दूध बंद केलं होतं. त्याला काहीच त्रास नव्हता हो."