चारशे प्रश्न सोडवले, तरी मुलाखतीत हात थांबतो

वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या मुलाखती

प्रश्न : मी तीन वर्षांपासून एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत जाण्यासाठी गेल्या पाच महिन्यांत सरावाचे चारशेहून अधिक कोडिंग प्रश्न सोडवले. एकटी बसले की मध्यम काठिण्याचा प्रश्न पंचवीस मिनिटांत सुटतो. प्रत्यक्ष मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत मात्र मी गोंधळले, बराच वेळ गप्प राहिले आणि कोड अर्धवट राहिला. नकार आला, काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल असे कळवले आहे. तोवर आणखी दोनशे प्रश्न सोडवावेत का?

उत्तर : सोडवू नका. तुम्ही पाच महिने ज्या गोष्टीचा सराव केला आणि त्या फेरीत तुमच्याकडून जे अपेक्षित होते, त्यांत फार अंतर आहे. सराव करताना तुम्ही एकट्या असता, गप्प असता, चुकलात तरी कोणाला कळत नाही. मुलाखतीत मात्र अनोळखी माणूस समोर बसलेला असताना, पाऊण तासाच्या आत, डोक्यात जे चालले आहे ते बोलून दाखवत प्रश्न सोडवायचा असतो. २०२० साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर नेमका हाच फरक तपासला. काही विद्यार्थ्यांनी निरीक्षकासमोर बोलत बोलत व्हाइटबोर्डवर प्रश्न सोडवला, तर इतरांनी तसाच व्हाइटबोर्ड घेऊन खोलीत एकट्याने. ज्यांच्याकडे कोणी पाहत होते त्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्यामुळे त्या दिवशी तुमची बुद्धी कमी पडली, असे कृपा करून मानू नका. ज्या परिस्थितीत परीक्षा झाली, त्या परिस्थितीचा सराव तुम्ही एकदाही केलेला नव्हता, इतकेच.

मी स्वतः बरीच वर्षे अशा मुलाखती घेत आले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजूही सांगते. मुलाखत संपली की मुलाखतकाराला लेखी अहवाल द्यावा लागतो, आणि गूगलसारख्या कंपनीत तो अहवाल वाचून निर्णय घेणाऱ्या समितीतले लोक उमेदवाराला भेटलेलेच नसतात. उमेदवार दहा मिनिटे गप्प बसला, तर त्या दहा मिनिटांत त्याच्या मनात कितीही चांगले विचार आले असले तरी माझ्या कागदावर लिहिण्यासारखे काही उरत नाही. उलट एखादी उमेदवार उत्तरापर्यंत पोचली नाही, पण कोणते मार्ग तिने पाहिले, त्यातला कोणता का सोडला आणि अडली ती नेमकी कुठे, हे तिने बोलून दाखवले, तर माझ्याकडे पानभर मजकूर असतो आणि तिच्या बाजूने भांडायला आधार असतो.

एक प्रश्न जवळून पाहू. बैठकांची यादी दिली आहे, प्रत्येक बैठकीची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दिली आहे. सगळ्या बैठका वेळेवर व्हायच्या असतील तर कमीत कमी किती खोल्या लागतील? हा प्रश्न आधी सोडवलेला असला की उमेदवाराचा हात लगेच कीबोर्डकडे जातो. तिथेच थांबून विचारायला हवे की, एक बैठक १० वाजता संपते आणि दुसरी १० वाजता सुरू होते, तर दोन्ही एकाच खोलीत घेता येतील का? बैठका ९ ते १०, ९.३० ते ११ आणि १० ते १२ अशा असतील, तर या प्रश्नाच्या उत्तरावर दोन खोल्या लागणार की तीन हे ठरते. हा प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल माझ्या अहवालातली पहिली ओळ तिथेच लिहून होते, कारण रोजच्या कामातही आवश्यकता आधी नीट समजून घेणारे सहकारीच हवे असतात.

त्यानंतर सुचलेला सर्वांत साधा मार्ग, तो हळू चालणारा असला तरी, मोठ्याने सांगावा: प्रत्येक बैठक सुरू होण्याच्या क्षणी, तिच्यासह, एकूण किती बैठका चालू आहेत ते मोजायचे आणि त्यातली सर्वांत मोठी संख्या घ्यायची. एक लाख बैठका असतील तर या मार्गाने सुमारे एक हजार कोटी तुलना कराव्या लागतील, हेही आपणच सांगून टाकावे. मग सुधारणा मांडावी: सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा अशा दोन लाख नोंदी एकाच यादीत घालून त्या क्रमाने लावायच्या, सुरुवात आली की एक मिळवायचा, शेवट आला की एक वजा करायचा आणि वाटेत गाठलेला कमाल आकडा लक्षात ठेवायचा. क्रमवारी लावण्याचा खर्च धरूनही हे काम पस्तीस लाखांच्या आसपास तुलनांत होते. एकाच वेळेच्या दोन नोंदी आल्या तर आधी शेवटाची नोंद घ्यायची की सुरुवातीची, हे मघाशी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते आणि कोडमध्ये ती फक्त एका तुलनेची ओळ असते. लिहून झाल्यावर वरच्या तीन बैठका घेऊन ओळीगणिक बोटाने चालत जावे: एक, दोन, मग १० वाजता एक आणि पुन्हा दोन. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मुलाखतकाराने दाखवण्याआधी स्वतःची चूक स्वतः पकडण्याची संधी याच पायरीवर हातून जाते.

तेव्हा आता रोज चार प्रश्नांऐवजी एकच घ्या, पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत सोडवा. पहिले काही दिवस आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐका. कुठे शांतता पसरते ते कळेल, आणि ती बहुधा प्रश्न वाचून झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच सापडेल. आठवड्यातून दोनदा कोणाला तरी समोर बसवा, शक्यतो फार जवळच्या नसलेल्या सहकाऱ्याला, आणि एकदा तुम्ही मुलाखतकार व्हा. दुसऱ्याचे गप्प बसणे समोरून अनुभवले की बोलण्याची गरज सांगावी लागत नाही. लिहिताना शब्द आपोआप पूर्ण करणारे एडिटर बंद ठेवा, कारण अनेक ठिकाणी साध्या, कोऱ्या पानावरच लिहावे लागते. मुलाखतीची भाषा तुमची रोजची भाषा नसेल, तर तोच प्रश्न आधी आपल्या भाषेत समजावून सांगा आणि मग त्या भाषेत. अडचण विचाराची आहे की शब्दांची, हे त्यातून वेगळे काढता येते.

सोडवलेले चारशे प्रश्न वाया गेले आहेत असे मात्र मुळीच नाही. त्यातले पन्नास-साठ निवडा, वेगवेगळ्या प्रकारचे, आणि जुने उत्तर न पाहता पुन्हा सोडवा; आठवड्याने परत, मग महिन्याने. एकदा पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. दुसऱ्यांदा अडलात तर तो प्रश्न तुम्हाला आलाच नव्हता, फक्त त्याचे उत्तर ओळखीचे झाले होते, असे समजा.

अडलात तर काय करावे, हेही तुमच्या पत्रामागे आहेच. "मला क्रमवारी लावावी असे वाटते, पण त्याने शेवटाच्या वेळा कशा हाताळायच्या ते सुचत नाही," एवढे एक वाक्य पुरते. समोरच्याला मदत कुठे करायची ते कळते, आणि दिलेली सूचना पकडून पुढे जाता येणे हीदेखील अहवालात नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

प्रश्न : माझा अनुभव आठ वर्षांचा आहे. कोडिंगची भीती नाही, पण सिस्टीम डिझाइनच्या, म्हणजे एखादी मोठी सेवा कशी उभारायची ते मांडण्याच्या फेरीत "लांब वेब पत्ता लहान करून देणारी सेवा उभारा" असे सांगितल्यावर मी जेवढे तंत्रज्ञान येते तेवढ्या सगळ्याच्या चौकटी फळ्यावर काढल्या. अभिप्राय आला की उत्तराची खोली कमी पडली. खोली म्हणजे नेमके काय?

उत्तर : खोली म्हणजे चौकटींची संख्या नव्हे; प्रत्येक चौकट का आली याचे कारण, आणि ते कारण बहुधा एखाद्या आकड्यात असते. याच प्रश्नात, दिवसाला एक कोटी नवे पत्ते तयार होतात असे धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे सेकंदाला साधारण ११६ नोंदी. एका नोंदीला ५०० बाइट धरले तर दिवसाला ५ जीबी आणि वर्षाला १.८ टीबी. एवढ्यावरूनच दिसते की साठवणूक हा या सेवेचा कठीण भाग नाही. उघडणारे लोक मात्र तयार करणाऱ्यांच्या शंभरपट असतील तर सेकंदाला साडेअकरा हजारांहून अधिक वाचने होतात आणि गर्दीच्या वेळी त्याच्याही काही पट. म्हणून कॅशची, म्हणजे वारंवार लागणारी माहिती झटकन देण्यासाठी हाताशी ठेवणाऱ्या जागेची चौकट काढायची, आणि काढताना हे कारण सांगायचे. लहान पत्त्यात इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे वापरली, तर सहा चिन्हांत सुमारे ५,६८० कोटी पत्ते बसतात. रोज एक कोटी या वेगाने ते साडेपंधरा वर्षांत संपतील. मग सहा पुरेत की सात घ्यावीत, हा निर्णय तुम्ही घ्या आणि त्याचे समर्थन करा.

एका जागी तरी तळापर्यंत उतरावे. इथे मला आवडणारी जागा म्हणजे मूळ पत्त्याकडे पाठवताना सर्व्हरने ब्राउझरला ३०१ या क्रमांकाचा प्रतिसाद द्यावा की ३०२. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरकडे न येता परस्पर जाऊ शकतो. भार कमी होतो, पण पत्ता किती वेळा उघडला गेला ही मोजणी हातची जाते आणि पत्ता नंतर बदलणेही अवघड होते. मोजणी ग्राहकाला विकायची असेल तर ३०२, म्हणजे तात्पुरते स्थलांतर, घेऊन भार सोसावा लागतो. अशा एका निर्णयावर पाच मिनिटे नीट बोललात, तर फळ्यावरच्या दहा बिनकारणाच्या चौकटींपेक्षा ते मोलाचे ठरते.

प्रश्न : "सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा," अशा प्रश्नांना मी काय केले हे सांगताना फार अवघडल्यासारखे होते. काम तर सगळ्यांनी मिळून केलेले असते.

उत्तर : आपल्याकडे "आम्ही केले" म्हणणे हा संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे, पण नोकरी "आम्हाला" मिळत नसते, त्यामुळे ऐकणाऱ्याला तुमचा वाटा कळायलाच हवा. संघाने काय साधले ते "आम्ही"मध्ये सांगा आणि मग "त्यात माझ्याकडे अमुक भाग होता, तिथे मी हा निर्णय घेतला" असे वाक्य जोडा. त्यात फुशारकी नाही, फक्त हिशेब आहे. परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम या क्रमाने पाच-सहा खरे प्रसंग आधी कागदावर लिहून काढा. ॲमेझॉनसारखी कंपनी आपली १६ नेतृत्वतत्त्वे जाहीरपणे मांडते आणि प्रश्न त्यांच्याच आधारे विचारते, तेव्हा कोणता प्रसंग कोणत्या तत्त्वाशी जुळतो हे घरीच पाहून ठेवता येते. मतभेदाच्या प्रसंगात समोरच्याचे म्हणणे काय होते, हे त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत सांगता येते का ते आधी तपासा. ते जमत नसेल तर तो प्रसंग बाजूला ठेवून दुसरा निवडा.