प्रश्न तुमचे : इमिग्रेशनचा वकील शोधताना

अमेरिकेतल्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले पाच प्रश्न. उत्तरं सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्येकाच्या फाइलमध्ये काहीतरी वेगळं असतंच.

प्रश्न : न्यू जर्सीहून टेक्सासमधल्या छोट्या गावात बदली झाली. इथे इमिग्रेशनचा वकील नाही. गावातली एक नोटरी ग्रीन कार्डाचे फॉर्म भरून देते. तिच्याकडे जावं का?

नको. भारतात नोटरी व्हायला आधी वकिलीची सनद आणि काही वर्षांची प्रॅक्टिस लागते, म्हणून नोटरी म्हणजे कायदा कळणारा माणूस असं आपण धरून चालतो. अमेरिकेतला नोटरी सही करणाऱ्याची ओळख तपासून शिक्का मारतो, बस. कोणता फॉर्म भरायचा आणि रकान्यात काय लिहायचं हा सल्ला देण्याचा अधिकार कुठल्याही एका राज्याच्या बारची सनद असलेल्या वकिलाला असतो, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीला.

इमिग्रेशनचा कायदा राज्याचा नाही, केंद्राचा आहे. त्यामुळे न्यू जर्सीची सनद असलेला तुमचा जुना वकील टेक्सासमध्ये राहून केलेला अर्जही चालवू शकतो. काम बरं करत असेल तर बदलू नका. जवळचा वकील लागतो तो तीन वेळा : इमिग्रेशन कोर्टाची तारीख लागली तर, इमिग्रेशन खात्याच्या फील्ड ऑफिसला अवघड मुलाखत असेल तर आणि पोलीस केस झाली तर.

नवा शोधायचाच असेल तर आधी त्याच्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव टाका. सनद चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, दोन्ही तिथे दिसतं. न्याय खातंही शिक्षा झालेल्या वकिलांची यादी प्रसिद्ध करतं. ‘आयला’ या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेच्या यादीत जागेनुसार शोध घेता येतो, पण सभासदत्व म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे. टेक्सासमध्ये इमिग्रेशन कायद्यात ‘बोर्ड सर्टिफाइड’ असा वेगळा दर्जा असतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. त्याला वजन आहे.

पहिल्या भेटीत फी ठोक आहे की तासावर, हे विचारा. सरकारी फी त्यात धरली आहे का आणि यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याने) जादा पुरावे मागितले तर उत्तराचे पैसे वेगळे का, हेही विचारून सगळं लेखी घ्या. वकील तुमच्या वतीने उभा राहिला की जी-२८ हा फॉर्म भरतो. अर्जाच्या शेवटी फॉर्म तयार करणाऱ्याच्या सहीची जागा असते. पैसे घेऊन फॉर्म भरणारा तिथे सही करायला कां-कूं करत असेल तर उठून बाहेर पडा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि ‘हमखास काम होईल’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

प्रश्न : एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे. १० मार्च हा कामाचा शेवटचा दिवस. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे. कंपनीचे वकील आता फोन घेत नाहीत. पुढे काय?

फोन न घेण्याचं कारण सरळ आहे. एच-१बी आणि आय-१४० हे अर्ज कंपनीचे असतात, वकिलाची फी कंपनी भरते आणि त्याचा पहिला अशील कंपनीच. नोकरी गेल्यावर कंपनीच्या विरोधात जाऊ शकेल असा सल्ला तो तुम्हाला देणार नाही. आता स्वतःच्या पैशाने एखाद्या वकिलाचा तासभर घ्या. तो कुठल्याही राज्यातला चालेल.

नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायची मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची, किंवा आय-९४ (देशात कधीपर्यंत राहायचं याची सरकारी नोंद) संपेपर्यंतची. यातलं जे आधी येईल ते धरायचं. मोजणी ११ मार्चपासून, म्हणजे ९ मे हा साठावा दिवस. पगार मिळालेला शेवटचा दिवस साधारणपणे धरला जातो. सेव्हरन्सची (नोकरी जाताना कंपनी देते ती) एकरकमी रक्कम मिळाली म्हणून घड्याळ थांबत नाही. जोडीदार आणि मुलं एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसा) वर असतील तर त्यांचीही मुदत हीच.

गफलत होते ती शेवटच्या आठवड्यात. नव्या कंपनीला अर्जाआधी कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज, मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याला कामकाजाचे सात दिवस जातात. त्यानंतरचा अर्ज ९ मेपर्यंत यूएससीआयएसकडे पोहोचलेला असला पाहिजे, नुसता पोस्टात पडून उपयोग नाही. म्हणजे ऑफर एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात हवी. तसं दिसत नसेल तर मुदतीच्या आत आय-५३९ (दर्जा बदलायचा किंवा मुदत वाढवायचा फॉर्म) भरून बी-२ (पर्यटकाचा) किंवा जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेला दर्जा मागता येतो. बी-२ मध्ये काम करता येत नाही. देशाबाहेर जाऊन नव्या कंपनीमार्फत परतायचा बेत असेल तर आधी वकिलाला विचाराच, कारण सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची अट घातली आहे.

आय-१४० चं भय मात्र थोडं कमी करा. मंजुरीला १८० दिवस होऊन गेल्यावर कंपनीने तो मागे घेतला तरी सहा वर्षांपुढची एच-१बी मुदतवाढ त्यावर मिळू शकते. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख, तर त्याआधी मागे घेतला तरी तुमचीच राहते, फसवणूक किंवा सरकारी चूक निघाली नाही तर. मंजुरीची प्रत कंपनी देत नसेल तर माहितीच्या हक्काखाली, म्हणजे फोइया अर्जाने, यूएससीआयएसकडे ऑनलाइन मागा. प्रत यायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आजच टाका.

प्रश्न : आईबाबांचा व्हिसा २०३१ पर्यंत आहे. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अजून दोन महिने राहावं लागेल. व्हिसा आहे म्हणजे चालेल ना?

चालणार नाही. पासपोर्टावरचा व्हिसा दारापर्यंत येण्यासाठी. राहायचं किती ते आय-९४ ठरवतो, आणि पर्यटकाला तो बहुधा सहा महिन्यांचा मिळतो. सीबीपीच्या (विमानतळावर आणि सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून दोघांचा आय-९४ काढा, तारीख बघा, प्रिंट ठेवा. तारखेत चूक असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त होते. (एच-१बी वाल्यांनीही प्रत्येक परदेशवारीनंतर हे करावं. पासपोर्ट लवकर संपत असेल तर अधिकारी आय-९४ त्याच तारखेपर्यंतचा देतो, आणि मंजुरीच्या कागदावर पुढची तारीख असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.)

तारीख उलटण्याआधी, शक्यतो ४५ दिवस आधी, आय-५३९ भरा. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे फी ऑनलाइन ४२०, कागदी ४७० डॉलर. सोबत डॉक्टरांचं पत्र, खर्च कोण करणार त्याचा पुरावा आणि परतीचं तिकीट जोडा. ‘नातवंडांसोबत राहायचंय’ यापेक्षा डॉक्टरांच्या पत्रातली प्रवासाची तारीख जास्त कामाची. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त राहिले तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून जास्त राहून परत गेले तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा.

साध्या मुदतवाढीसाठी वकिलावर पैसे घालवायची गरज नाही.

प्रश्न : माझ्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे, फक्त वडिलांचं नाव आहे. लग्नात पहिलं नावही बदललं. ग्रीन कार्डाला अडचण येईल?

महाराष्ट्रातल्या बायकांच्या फायलींत हे नेहमीचंच आहे. मधलं नाव वडिलांचं असतं ते नवऱ्याचं होतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. अमेरिकन अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात.

जिथे जन्म नोंदला त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवून नवा दाखला मागा. ते होत नसेल तर कोरा दाखला टाकून देऊ नका. तो जोडा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि तुमच्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. त्यांत तुमचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि जागा, आईवडिलांची नावं, आणि सांगणाऱ्याला हे कसं माहीत, एवढं आलंच पाहिजे. शेवटचं वाक्य राहून जातं आणि मग जादा पुराव्याची नोटीस येते. जन्माची नोंदच सापडली नाही तर आधी ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला त्याच कार्यालयातून घ्या. त्याशिवाय दुय्यम पुराव्याला वजन येत नाही.

नावबदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत द्या. फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात माहेरचं नाव लिहा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, गोल शिक्क्यातल्या मजकुरासकट. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही करायची. ते नोटराइज करायला लागत नाही.

प्रश्न : मुलगा एफ-१ वर शिकतो. दुकानातून ४० डॉलरची वस्तू उचलली म्हणून पकडलं. वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, सहा महिने नीट वाग, केस निकाली निघेल. ऐकावं का?

थांबा. अजून काही कबूल करू नका. इथे मात्र जवळचाच वकील हवा, त्या काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा, आणि त्याच्या जोडीला इमिग्रेशनचा.

राज्याच्या कोर्टाने केस काढून टाकली तरी इमिग्रेशन कायद्याची व्याख्या वेगळी आहे. गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने कसलंही बंधन घातलं, तर ती दोषसिद्धीच धरली जाते. पुढे रेकॉर्ड पुसलं तरी फरक पडत नाही. चोरी तर नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत मोडते. एकाच किरकोळ गुन्ह्याला सवलत आहे, पण ती लागू होते का हे त्या कलमातल्या कमाल शिक्षेवर ठरतं. आपल्याला प्रत्यक्षात काय शिक्षा झाली एवढंच बघून चालत नाही. म्हणून वकिलाला नेमकं विचारा : कबुली न देता मिळणारा डायव्हर्जन (खटला न चालवता केस मिटवण्याचा मार्ग) या काउंटीत आहे का? आरोपाचं कलम बदलून घेता येईल का?

२०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तसं अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घेऊन फौजदारी वकिलापुढे ठेवायला संकोच करू नका. अटकेनंतर कॉन्सुलेट व्हिसा रद्द करू शकते. तसा ईमेल आला तरी मुलगा लगेच बेकायदा होत नाही, पण भारतात गेला तर नव्या व्हिसाशिवाय परतता येणार नाही. सुट्टीचं तिकीट तूर्त काढू नका.

निकाल लागल्यावर कोर्टाच्या क्लर्ककडून त्याच्या शिक्क्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती घेऊन ठेवा. पुढच्या अर्जांत ‘कधी अटक झाली होती का’ हे विचारलं जाईल. उत्तर ‘हो’, आणि सोबत ही प्रत.