बंडखोरांचे ऋण

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आणीबाणीच्या तरतुदींवर वादसभेत टीका करताच ‘हा संविधानाचा अपमान आहे’ असे तुला ऐकवण्यात आले आणि ते तुझ्या फार जिव्हारी लागले, हे कळले. उत्तर देण्याची घाई करू नकोस. त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले भाषण मुळातून वाच.

त्यातला विभूतिपूजेविरुद्धचा इशारा सर्वांना पाठ असतो. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी सभेतल्या बंडखोरांचे नावानिशी ऋण मानले, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ह. वि. कामत, आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा अशा सभासदांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, आणि ते नसते तर घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच आपल्याला मिळाली नसती, असे ते म्हणाले.

यांपैकी कामतांचे उदाहरण तुझ्या विषयाला थेट भिडते. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित करता येईल, अशी तरतूद ऑगस्ट १९४९ मध्ये सभेने स्वीकारली, तेव्हा त्यांनी तो दिवस शरमेचा आणि दुःखाचा असल्याचे भर सभेत सांगितले. पुढे आणीबाणीच्याच काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी दिला. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले आणि त्यापायी सरन्यायाधीश होण्याची संधी गमावली. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. तुझ्यावर अपमानाचा ठपका ठेवणाऱ्यांनी हा इतिहास वाचलेला नसावा, असे मला वाटते.

तरीही हे भाषण तुझ्या सोयीपुरते वाचू नकोस. घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह आणि कायदेभंग म्हणजे ‘अराजकाचे व्याकरण’, असेही बाबासाहेब त्यातच म्हणतात. मी स्वतः शांततामय धरणे त्याज्य मानत नाही. पण ‘मार्ग खुले असताना’ ही त्यांची अट मला बंधनकारक वाटते. तेव्हा धरण्याला बसण्यापूर्वी निवेदन दिले का, माहिती अधिकाराचा अर्ज केला का, हे स्वतःला विचार. आणि ज्याने तुझ्यावर आक्षेप घेतला, त्याला पुढच्या वादसभेत आधी बोलू दे. त्याचे म्हणणे मध्येच न तोडता लिहून घे आणि मगच उत्तर दे.

कळावे.